कल्पित अंतराळयानांची अंतर्रचना : तडजोडींचा एक सामाजिक इतिहास (१८६५ ते १९७९)

सारांश

विज्ञानकथांतील अंतराळयाने प्रत्यक्षात कधीच बांधली गेली नाहीत; तरीही त्यांच्या अंतर्भागाची मांडणी ही इतिहासाच्या अभ्यासकाला उपयुक्त ठरणारी सामग्री आहे. यानात कोणती गोष्ट ठेवावी, कोणती वगळावी, कोणी कोठे राहावे आणि संकटकाळी कोणाला वाचविता यावे, या प्रश्नांची उत्तरे त्या त्या काळाच्या विज्ञानाइतकीच त्या काळाच्या समाजरचनेवरही अवलंबून असतात. प्रस्तुत निबंधात ज्यूल व्हर्नच्या १८६५ मधील चंद्रगोळ्यापासून १९७९ मधील 'एलियन' या चित्रपटातील 'नॉस्ट्रोमो' या यानापर्यंतच्या निवडक उदाहरणांचा या दृष्टीने विचार केला आहे.

बीजशब्द : विज्ञानकथा, अंतराळयान, अंतर्रचना, तडजोड, श्रमविभागणी, सुरक्षिततेची मर्यादा.

१. प्रस्तावना

कोणतेही वाहन ही तडजोडींची गाठोडी असते. जहाजाचे कवच जाड केले की वजन वाढते, वजन वाढले की वेग घटतो. प्रवाशांसाठी जागा वाढविली की मालाची जागा कमी होते. अंतराळयानाच्या बाबतीत हा हिशेब अधिकच कठोर होतो. तेथे हवा, पाणी, अन्न आणि इंधन सर्व बरोबर न्यावे लागते आणि वाटेत बंदर लागत नाही. म्हणूनच लेखक किंवा चित्रपटाचा कलादिग्दर्शक जेव्हा असे यान कल्पितो, तेव्हा त्यालाही कळत-नकळत अभियंत्याच्या भूमिकेत शिरावे लागते.

परंतु कल्पित यानाच्या रचनेवर केवळ निसर्गनियमांचेच बंधन नसते. त्यावर तीन प्रकारची बंधने काम करतात असे दिसते. पहिले बंधन भौतिक स्वरूपाचे : वस्तुमान, प्रवेग, उष्णता, गुरुत्व, श्वसनासाठी लागणारी हवा. दुसरे निर्मितीचे : कथेची गती, चित्रीकरणाचा खर्च, कॅमेऱ्याला लागणारी जागा. तिसरे सामाजिक : यानात सत्ता कोणाची, श्रम कोणाचे आणि धोका कोणाच्या वाट्याला. ही तीन बंधने बहुधा एकमेकांत मिसळलेली असतात, आणि त्यामुळेच तिसऱ्या बंधनातून आलेला निर्णय पहिल्याच्या नावावर खपविला जाण्याचा संभव असतो. हा फरक ओळखणे हे या निबंधाचे मुख्य प्रयोजन आहे.

अभ्यासाची व्याप्ती हेतुतः मर्यादित ठेवली आहे. अशा यानांची संख्या फार मोठी असल्याने सर्वांचा आढावा घेणे शक्य नाही. ज्या यानांच्या अंतर्भागाचे वर्णन किंवा चित्रण पुरेसे तपशीलवार उपलब्ध आहे, अशीच उदाहरणे येथे निवडली आहेत.

२. दिवाणखाना आणि प्रवेग : व्हर्न ते ओबर्थ

ज्यूल व्हर्नची चंद्रप्रवासाची पहिली कादंबरी १८६५ साली प्रसिद्ध झाली आणि तिचा उत्तरार्ध १८७० साली पुस्तकरूपाने आला. भा. रा. भागवतांच्या रूपांतरांमुळे व्हर्न हा मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा लेखक आहे. त्याच्या कथेत ९०० फूट लांबीच्या तोफेतून ॲल्युमिनियमचा पोकळ गोळा चंद्राकडे डागला जातो. गोळ्याचा बाह्य व्यास ९ फूट असून आतील तळाचे क्षेत्रफळ ५४ चौरस फुटांच्या आसपास आहे. एवढ्या जागेत तीन पुरुष, दोन कुत्रे आणि काही कोंबड्या यांची सोय करावयाची आहे. भिंतींना चामड्याचे जाड अस्तर, उजेडासाठी व उबेसाठी ज्वलनवायू, हवा शुद्ध करण्यासाठी रासायनिक द्रव्ये आणि बाहेर पाहण्यासाठी चार खिडक्या, अशी ही मांडणी आहे. एकोणिसाव्या शतकातील सुखवस्तू युरोपीय गृहस्थाचा दिवाणखाना आक्रसून तोफगोळ्यात बसविला असावा, असेच तिचे एकंदर रूप आहे.

व्हर्नला धक्क्याची कल्पना होती. त्याने तळाशी ३ फूट पाण्याचा थर आणि धक्क्यासरशी एकामागून एक फुटणारे लाकडी पडदे योजले आहेत. मात्र आकडेमोड केली असता ही योजना टिकत नाही. सेकंदाला सुमारे ११ किलोमीटरचा वेग ९०० फुटांच्या, म्हणजे सुमारे २७४ मीटरच्या अंतरात गाठावयाचा, तर प्रवेग गुरुत्वाच्या २२,००० पटींच्या घरात जातो. अशा प्रवेगात माणूस, कुत्रा आणि कोंबडी यांत काहीच भेद उरणार नाही. येथे भौतिक बंधन बाजूला सारले गेले, कारण व्हर्नला प्रवासी जिवंत हवे होते आणि त्यांचे संभाषण हवे होते.

रशियन शास्त्रज्ञ कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्हस्की यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. १९२० साली पुस्तकरूपाने आलेल्या त्यांच्या 'पृथ्वीबाहेर' या कथेत निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ हिमालयातील एका गढीत एकत्र येऊन अग्निबाण बांधतात. तोफेऐवजी अग्निबाण घेतल्याने प्रवेग हळूहळू वाढविता येतो, आणि उरलेला ताण सोसण्यासाठी प्रवासी द्रवाने भरलेल्या पेट्यांत झोपतात. यानात वनस्पतींची लागवड आहे. ती हवाही शुद्ध करते आणि अन्नही देते. दिवाणखान्याच्या जागी प्रयोगशाळा आणि बाग आली, हा या टप्प्यावरील महत्त्वाचा बदल होय.

१९२९ च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिन येथे प्रदर्शित झालेल्या फ्रिट्झ लँग यांच्या 'चंद्रावरील स्त्री' या मूकपटाचे तांत्रिक सल्लागार अग्निबाणशास्त्राचे एक प्रवर्तक हर्मान ओबर्थ हे होते. त्यामुळे या चित्रपटात उड्डाणाच्या वेळी प्रवासी आडवे झोपतात आणि भारशून्य अवस्थेत पाय अडकविण्यासाठी जमिनीवर पट्टे बसविलेले दिसतात. अंतर्भागातील प्रत्येक वस्तूला आता कारण द्यावे लागू लागले. दिवाणखाना संपला आणि यंत्रशाळा सुरू झाली.

३. 'खाली' कोणत्या दिशेला? : गुरुत्व आणि वर्ग

अंतराळयानाच्या मांडणीतील सर्वांत मूलभूत प्रश्न हा की, पायाखालची जमीन कोणती? याची प्रामुख्याने तीन उत्तरे दिली गेली. एक, यंत्राच्या रेट्यालाच गुरुत्व मानून मजले एकावर एक रचावेत, म्हणजे यान हे मनोऱ्यासारखे होते. दोन, यान किंवा त्याचा भाग फिरवावा आणि अपकेंद्री प्रेरणेने बाहेरची भिंत हीच जमीन करावी. तीन, कृत्रिम गुरुत्वाचे यंत्र आहे असे गृहीत धरून प्रश्नच मिटवावा.

पहिल्या प्रकाराचे सुबोध उदाहरण हर्जे यांच्या टिनटिन चित्रकथांतील १९५३-५४ च्या चंद्रविषयक दोन पुस्तकांत आढळते. तेथील अणुशक्तीवर चालणाऱ्या अग्निबाणात मजले शिडीने जोडलेले आहेत आणि यंत्र थांबले की प्रवाशांना चुंबकीय तळव्यांचे बूट घालावे लागतात.

दुसऱ्या प्रकाराचा सामाजिक अर्थ रॉबर्ट हाइनलाइन यांनी १९४१ साली नियतकालिकातून प्रसिद्ध केलेल्या दोन दीर्घकथांत स्पष्ट होतो. त्या १९६३ साली एकत्रित पुस्तकरूपाने आल्या. त्यांतील 'व्हॅन्गार्ड' हे प्रचंड दंडगोलाकार यान पिढ्यान्पिढ्या प्रवास करीत आहे. ते फिरत असल्याने बाहेरच्या मजल्यांवर वजन जास्त आणि अक्षाजवळ जवळजवळ शून्य. बाहेरच्या जड मजल्यांवर शेती, वस्ती आणि सत्ता. अक्षाजवळच्या हलक्या मजल्यांवर समाजाने बहिष्कृत केलेले, शारीरिक विकृतींमुळे हिणविले गेलेले लोक. भौतिकशास्त्राने निर्माण केलेला वजनाचा उतार हाच येथे सामाजिक उतरंडीचा आधार बनला आहे. विशेष म्हणजे यानाचे मुख्य नियंत्रणकक्ष बहिष्कृतांच्या प्रदेशात आहे. सत्ताधाऱ्यांना आपण यानात आहोत हेच ठाऊक उरलेले नाही. तारे पाहता येतात ते बहिष्कृतांना. गावकुसाच्या आत आणि बाहेर ही विभागणी ज्यांच्या इतिहासात खोल रुजलेली आहे, अशा भारतीय वाचकाला या मांडणीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

ब्रायन आल्डिस यांच्या १९५८ मधील 'नॉन-स्टॉप' या कादंबरीत याच कल्पनेचा पुढचा टप्पा दिसतो. यानातील अन्नासाठी लावलेली वनस्पती अनियंत्रित वाढून सर्व बोळांतून पसरली आहे, आणि माणसे त्या रानात टोळ्या करून राहतात. त्सिओल्कोव्हस्कींच्या आशादायी बागेचे हे चाळीस वर्षांनंतरचे रूप चिंतनीय आहे.

४. अर्थसंकल्प हाच अभियंता : 'एंटरप्राइझ'

तिसरे उत्तर, म्हणजे कृत्रिम गुरुत्व गृहीत धरणे, हे दूरचित्रवाणीच्या गरजेतून दृढ झाले. ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या मालिकेतील 'एंटरप्राइझ' या यानाची रचना मॅट जेफरीज यांनी केली. विमानांची त्यांना प्रत्यक्ष जाण होती. यानाची लांबी ९४७ फूट आणि कर्मचारी ४३० मानले गेले. पुढे बशीच्या आकाराचा वस्तीचा भाग, खाली दंडगोल आणि मागे लांब खांबांवर दोन यंत्रनळकांडी, अशी तिची ठेवण. यंत्रांतील शक्ती घातक असणार, म्हणून ती वस्तीपासून दूर ठेवावीत, हा त्यामागील विचार होता. यानाच्या बाह्यभागावर यंत्रसामग्री न दाखविण्यामागेही दुरुस्ती आतूनच करता यावी, बाहेर जाण्याचा धोका कोणाला पत्करावा लागू नये, असे कारण होते.

आतील मांडणीवर मात्र खर्चाची छाया आहे. दर आठवड्याला एवढे यान ग्रहावर उतरवून दाखविणे परवडणारे नव्हते. म्हणून माणसांना क्षणात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठविणारे यंत्र योजले गेले. नियंत्रणकक्ष वर्तुळाकार करून कप्तानाची खुर्ची मध्यभागी ठेवली गेली. यामुळे आज्ञा देणारा आणि माहिती पुरविणारे यांचे नाते एका दृष्टिक्षेपात कळते आणि चित्रीकरणही सोयीचे होते.

या मालिकेत प्रेक्षकाला मुख्यत्वे अधिकारीच दिसत राहिले. उरलेली शेकडो माणसे कोठे झोपतात, कोठे जेवतात, कोठे आंघोळ करतात, हे क्वचितच कळते. ही उणीव प्रेक्षकांनीच भरून काढली. फ्रान्झ जोसेफ यांनी तयार केलेले यानाचे मजलावार नकाशे १९७५ साली प्रसिद्ध झाले. त्यांत वस्तीच्या खोल्या, कोठारे, इतकेच काय, खेळाची दालनेही दाखविली आहेत. कल्पित जहाजाचा आराखडा विकत घेऊन वाचणारा वाचकवर्ग त्या काळी तयार झाला होता, ही वाचनव्यवहाराच्या इतिहासातील नोंद घेण्याजोगी घटना आहे. कथेने जे वगळले त्याची विचारणा वाचक करतात, आणि ती विचारणा बहुधा सामान्य माणसाच्या निवाऱ्याची असते.

५. दृश्य आणि सत्य : 'डिस्कव्हरी'

स्टॅन्ली कुब्रिक आणि आर्थर क्लार्क यांच्या १९६८ मधील '२००१ : ए स्पेस ओडिसी' या चित्रपटात भौतिक बंधनांचा अपूर्व आदर केलेला आढळतो. 'डिस्कव्हरी' यानात पुढे वस्तीचा गोल, मागे अणुयंत्र आणि दोहोंना जोडणारा लांब कणा आहे. गोलाच्या आत फिरणारे चक्र आहे. कादंबरीत त्याचा व्यास ३५ फूट असून ते १० सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. यावरून येणारे गुरुत्व पृथ्वीच्या सुमारे एक-पंचमांश, म्हणजे चंद्रावरील गुरुत्वापेक्षा थोडेसेच अधिक भरते. त्याच चक्रात पृथ्वीइतके गुरुत्व हवे असते, तर मिनिटाला सुमारे १३ फेऱ्या घ्याव्या लागल्या असत्या. उभ्या माणसाच्या पायांपाशी पूर्ण गुरुत्व आणि डोक्यापाशी त्याच्या दोन-तृतीयांशच, अशी अवस्था होऊन घेरी येण्याचा धोका वाढला असता. कमी गुरुत्वावर समाधान मानणे ही येथे समंजस तडजोड आहे. चित्रीकरणासाठी ३८ फूट व्यासाचे खरोखर फिरणारे चक्र व्हिकर्स-आर्मस्ट्राँग या कंपनीकडून बांधून घेतले गेले आणि त्याचा खर्च साडेसात लाख डॉलरच्या आसपास झाला.

असे असूनही एक महत्त्वाचा घटक वगळला गेला. अणुयंत्राची उष्णता निर्वातात केवळ विकिरणानेच बाहेर टाकता येते आणि त्यासाठी मोठे पृष्ठभाग लागतात. क्लार्क यांना हे ठाऊक होते. पण असे पृष्ठभाग पंखांसारखे दिसले असते आणि निर्वातात उडणाऱ्या यानाला पंख कशाला, असा प्रश्न प्रेक्षकांनी केला असता. म्हणून ते काढून टाकले गेले. सत्य दाखविले असते तर ते चूक वाटले असते, असा हा विलक्षण पेच आहे.

अंतर्रचनेचा खरा परिणाम मात्र कथानकात दिसतो. यानात पाच प्रवासी. त्यांपैकी तिघे दीर्घनिद्रेत, कारण जागा माणूस हवा आणि अन्न अधिक वापरतो. बचतीचा हा उपाय त्या तिघांचे प्राण पूर्णपणे यंत्राच्या हाती सोपवितो, आणि हाल हा संगणक त्यांचा अंत करतो तेव्हा त्यांना जागही येत नाही. सर्वत्र संगणकाचे डोळे असल्याने जागे असलेल्या दोघांना खासगी बोलण्यासाठी एका लहान उपयानात शिरावे लागते. तेथे आवाज पोहोचत नाही, पण त्याच्या खिडकीतून हाल ओठांची हालचाल वाचतो. खासगी कोपरा नसलेले घर आणि एकाच रक्षकावर सोपविलेले प्राण, या दोन रचनादोषांतून शोकांतिका घडते.

६. तूट कोणाच्या वाट्याला? : १९५४ ते १९७९

तडजोडीचा नैतिक प्रश्न सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो टॉम गॉडविन यांच्या १९५४ मधील 'द कोल्ड इक्वेशन्स' या कथेत. तापाने आजारी पडलेल्या माणसांसाठी लस घेऊन निघालेल्या छोट्या यानात भावाला भेटण्याच्या ओढीने एक मुलगी लपून बसते. इंधन एका माणसापुरतेच मोजून दिलेले आहे. तिचे वजन धरले तर यान सुरक्षित उतरणार नाही, म्हणून तिला बाहेर टाकले जाते. कथा हे निसर्गनियमाचे निष्ठुर गणित म्हणून मांडते. लेखकाने तिला वाचविण्याच्या वाटा काढल्या होत्या. परंतु संपादक जॉन कॅम्पबेल यांनी कथा वारंवार परत पाठवून हा शेवट घडवून आणला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे.

नंतरच्या टीकाकारांनी येथे योग्य प्रश्न उपस्थित केला. इंधनात काडीचीही वाढीव तरतूद नसावी, हे निसर्गाने ठरविले नव्हते. प्रवेशद्वारी कुलूप न लावता केवळ सूचनाफलक लावावा आणि उड्डाणापूर्वी कोठाराची तपासणी करू नये, हेही निसर्गाने ठरविले नव्हते. हे व्यवस्थापनाचे निर्णय होते. मुलीच्या मृत्यूचे गणित थंड खरे, पण त्यातील आकडे कोणीतरी आधी भरलेले होते.

टिनटिनच्या चंद्रप्रवासातही हीच स्थिती येते. चौघांसाठी आणि एका कुत्र्यासाठी योजलेल्या यानात अधिक माणसे शिरतात, प्राणवायू अपुरा पडतो आणि अपराधभावनेने पोळलेला वुल्फ हा अभियंता इतरांसाठी स्वतः यानाबाहेर पडतो. एकाच काळातील या दोन कथांत एक फरक आहे. पहिलीत तूट दुर्बळाच्या वाट्याला जाते. दुसरीत ती जबाबदार माणूस स्वतःकडे घेतो.

१९७२ च्या 'सायलेंट रनिंग' या डग्लस ट्रम्बुल यांच्या चित्रपटात पृथ्वीवरील उरलीसुरली अरण्ये यानांवरील काचेच्या घुमटांत जपून ठेवली आहेत. याने व्यापारी वाहतुकीसाठी परत हवी आहेत, या कारणास्तव ती अरण्ये नष्ट करण्याचा हुकूम येतो. या यानाच्या अंतर्भागाचे बरेच चित्रीकरण 'व्हॅली फोर्ज' या सेवामुक्त अमेरिकी विमानवाहू नौकेवर झाले. मालाची जागा की झाडांची जागा, एवढा हा सरळ प्रश्न आहे.

रिडली स्कॉट यांच्या १९७९ मधील 'एलियन' मध्ये या सर्व धाग्यांची गुंफण झालेली दिसते. 'नॉस्ट्रोमो' हे सात कर्मचाऱ्यांचे, २ कोटी टन खनिज ओढून नेणारे मालवाहू यान आहे. त्याच्या रचनेत रॉन कॉब यांचा मोठा वाटा होता. वरचे दवाखाना व भोजनाचे दालन उजळ आणि स्वच्छ. खालचे यंत्रविभाग अंधारे, ओलसर, नळ्या-साखळ्यांनी भरलेले. खाली काम करणारे पार्कर आणि ब्रेट यांना लाभांशात इतरांपेक्षा कमी वाटा मिळतो आणि त्याविषयीची त्यांची कुरकूर चित्रपटाच्या आरंभीच ऐकू येते. मजल्यांची उतरंड ही वेतनाचीही उतरंड आहे. पुढे कळते की, कंपनीने कर्मचाऱ्यांचे प्राण दुय्यम ठरविले होते. आणि शेवटी चौघेजण उरले असता पळून जाण्याचा विचार निघतो, तेव्हा ध्यानात येते की बचावयानात चौघांची सोय नाही.

हा तपशील केवळ कल्पित नाही. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक' जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती आणि २० बचावनौकांची एकूण क्षमता १,१७८ होती. तत्कालीन ब्रिटिश नियम माणसांच्या संख्येवर नव्हे, जहाजाच्या टनभारावर आधारलेले असल्याने ही व्यवस्था बेकायदा नव्हती. त्याआधी सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या दीर्घ लढ्यानंतर १८७६ च्या कायद्याने जहाजावर भाररेषा आखणे आवश्यक ठरले होते. जहाज किती भरावे, हा प्रश्न मालकाच्या मर्जीतून काढून सार्वजनिक नियमाच्या कक्षेत आणावा लागला. 'नॉस्ट्रोमो'च्या जगात असा प्लिम्सॉल झालेला दिसत नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतील.

१) १८६५ ते १९७९ या काळात कल्पित यानाचा अंतर्भाग दिवाणखाना, प्रयोगशाळा, युद्धनौका आणि अखेर कारखाना अशा रूपांतून गेलेला दिसतो. हा बदल त्या त्या काळातील प्रातिनिधिक संस्थांशी सुसंगत आहे.

२) मांडणीतील प्रत्येक वैशिष्ट्याला विज्ञानाचे कारण असतेच असे नाही. 'एंटरप्राइझ'वरील स्थानांतरयंत्र खर्चातून आले, तर 'डिस्कव्हरी'वरील उष्णताविकिरक दृश्यपरिणामासाठी गेले. अभ्यासकाने या कारणांचा वेगवेगळा विचार करणे आवश्यक आहे.

३) गुरुत्वाची दिशा, मजल्यांचा क्रम आणि यंत्रांचे स्थान यांतून यानातील समाजाची उतरंड व्यक्त होते. 'व्हॅन्गार्ड' आणि 'नॉस्ट्रोमो' ही याची ठळक उदाहरणे होत.

४) अपरिहार्य म्हणून सांगितली जाणारी हानी पुष्कळदा आधी घेतलेल्या काटकसरीच्या निर्णयाचा परिणाम असते. निसर्गनियम आणि व्यवस्थेचा निर्णय यांची गल्लत झाली की जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

हा चौथा निष्कर्ष विज्ञानकथेपुरता मर्यादित नाही. धरण, गिरणी, खाण, इमारत, रेल्वेगाडी अशा प्रत्येक मानवनिर्मित रचनेच्या इतिहासाला तो लागू पडतो. साहित्य, इतिहास आणि पदार्थविज्ञान या विभागांतील अध्यापकांनी एकत्र येऊन वर्गात चर्चिण्यासारखा हा विषय आहे. कारण त्यातील आकडेमोड एका विद्याशाखेची, आशय दुसरीचा आणि सामाजिक संदर्भ तिसरीचा आहे. यानाचा नकाशा समोर ठेवून विद्यार्थ्याला एवढेच विचारावे की, येथे जागा कमी पडली तर ती कोणाला कमी पडेल, आणि हे कोणी ठरविले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना तो कल्पित यानाकडून आपल्या भोवतालच्या वास्तवाकडे आपसूकच वळेल.